रेघ रोजच का नाही मारली?

पालकहो, गोष्ट ऐन रंगात आलेली असते आणि मूल मध्येच थांबवतं. ‘लक्ष्मणाची रेघ एवढी भारी होती, तर त्याने ती रोजच का नाही मारली?’ मी नाशिकच्या पंचवटीत राहते, मुलांना गोष्टी सांगते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगला ओळखीचा आहे. त्याच्या मागोमाग येणारेही ओळखीचे आहेत. सीतामाई गुहेत लपल्या होत्या तर रावणाला दिसल्या कशा? एवढ्याशा गुहेत दहा तोंडांचा रावण शिरला कसा? सोन्याचं हरीण नसतंच, हे रामाला माहीत नव्हतं का?

घरोघरी याची तीन उत्तरं मिळतात. ‘गुपचूप ऐक.’ ‘देवाधर्माचं असं विचारू नये.’ आणि सिनेमा-कार्टूनच्या बाबतीत, ‘अरे, डोकं बाजूला ठेवून बघ.’ मला यातलं तिसरं सगळ्यात जास्त लागतं. पहिल्या दोन्हींत निदान रागावणं आहे, आणि रागावलेलं मूल पुन्हा विचारतं. तिसऱ्यात आपण त्याला सांगतो की जे तुला फार आवडतं, तिथे डोकं न्यायचं नसतं.

हे विचारणारं मूल आगाऊ नसतं. ते गोष्टीत इतकं आत शिरलेलं असतं की तिथली जमीन त्याच्या पायाला लागते आणि खड्डा आला की ठेच बसते. ज्याला गोष्ट आवडलेली नाही ते जांभई देतं, उठून खेळायला जातं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागून घेणारं, तुम्ही एखादं वाक्य गाळलंत तर ‘आई, ते राहिलं’ म्हणणारं, तेच मूल असे प्रश्न विचारतं. तुमच्याच घरी बघा.

आता आपल्या जिल्ह्यातल्याच एका डोंगराकडे या. वणीच्या सप्तशृंग गडासमोर मार्कंडेय ऋषींचा डोंगर आहे. ऋषी तिथून देवीला पुराण ऐकवत आणि ते ऐकायला देवीने मान किंचित कलती केली, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. गडावर गेलात की मुलांना ती कललेली मान तुम्ही दाखवतच असाल. ज्या सप्तशतीचा पाठ नवरात्रात घरोघरी होतो, ती मार्कंडेय पुराणाचाच भाग आहे. पण या पुराणाची सुरुवात कशाने होते ते मुलांना क्वचितच कुणी सांगतं. ती होते महाभारतातल्या अडचणींनी.

जैमिनी हा खुद्द व्यासांचा शिष्य. महाभारत त्याने मन लावून ऐकलेलं आणि तरी चार ठिकाणी तो अडलेला. जगाचा आधार असलेल्या देवाला माणसाचा जन्म का घ्यावा लागला? एकटी द्रौपदी पाच भावांची बायको कशी झाली? बलरामाला ब्रह्महत्येचं पाप फेडायला तीर्थयात्रा का करावी लागली? आणि चौथा प्रश्न, जो ऐकताना माझ्या पोटात अजून कालवतं: पांडवांसारखे बाप पाठीशी असताना द्रौपदीचे पाचही मुलगे लग्नाआधीच, अनाथासारखे कसे मारले गेले? हे प्रश्न घेऊन जैमिनी मार्कंडेयांकडे जातो. ऋषी त्याला ‘गप्प बस’ म्हणत नाहीत. माझी नित्यकर्माची वेळ झाली आहे, म्हणतात, पण विंध्य पर्वतात चार पक्षी आहेत, त्यांना जाऊन विचार, ते सांगतील. ते पक्षीही महाभारताच्या रणातलेच. युद्ध चालू असताना त्यांची अंडी जमिनीवर पडली आणि वरून हत्तीच्या गळ्यातली घंटा तुटून त्यांच्यावर झाकण पडावी तशी पडली, म्हणून ती वाचली. एवढी मोठी लढाई ज्यांनी घंटेखालून काढली, त्यांच्याकडे त्या लढाईच्या गोष्टीतल्या शंका सोपवल्या आहेत. आपल्या जुन्या कथाकारांची ही कल्पकता मला फार मोठी वाटते.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पक्ष्यांना एक आख्खी नवी गोष्ट सांगावी लागते. विश्वामित्र एका राजाचं राज्य काढून घेतात आणि नगर सोडून निघालेल्या त्याच्या थकल्या राणीला काठीने मारतात. ते बघून पाच विश्वेदेवांना राहवत नाही, ते ऋषीला दोष देतात. ऋषी त्यांना शाप देतो की तुम्ही माणसाच्या जन्माला जाल, आणि तिथे तुम्हाला ना लग्न, ना मूलबाळ. तेच पुढे द्रौपदीचे मुलगे. हा राजा म्हणजे हरिश्चंद्र. राज्य दान दिलेला, बायको-मुलाला विकलेला, स्मशानात चाकरी करणारा जो हरिश्चंद्र आपण ओळखतो, तो या पुराणात एका श्रोत्याच्या शंकेचं उत्तर म्हणून येतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला कथाचित्रपट काढला, तो त्याच राजावर. म्हणून कुणी ‘गोष्टीत असं शोधू नये’ म्हणालं, की मी त्यांना जैमिनीची आठवण करून देते.

मग घरी करायचं काय? मला वाटतं, पहिलं काम एवढंच की उत्तर द्यायची घाई करायची नाही. ‘खरंच की! मलाही नाही माहीत, बघू या’ हे वाक्य म्हणायला आपल्याला जड जातं, कारण मुलांसमोर आपल्याला सगळं येत असावं असं वाटतं. पण ते म्हटलं की मूल तुमच्या शेजारी येऊन बसतं. मग मूळ पुस्तक काढायचं. वाल्मीकी रामायणाची मराठी भाषांतरं मिळतात. घरी नसेल तर आपल्याकडे १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन जा आणि अरण्यकांड उघडा.

सोन्याच्या हरणाचं उत्तर तिथे सापडेल. हरीण दिसताक्षणी लक्ष्मण म्हणतो, हा मारीच असणार, असं रत्नांचं हरीण जगात नसतं. म्हणजे तुमच्या मुलाची शंका रामायणात आधीच एका पात्राने घेतलेली आहे! आणि रामाचं त्यावर उत्तर आहे की तो मारीचच असेल तरी त्याला मारायलाच हवं. हे वाचून दाखवलं तेव्हा एक मुलगा एवढा खूश झाला की ‘मी लक्ष्मणासारखा आहे’ असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

गुहेचंही तसंच. काळाराम मंदिराजवळ, वडांच्या झाडांपाशी सीतागुंफेत आपण वाकून, बसत-सरकत उतरतो आणि बाहेर येता येता मुलं विचारतात की रावण इथे आला कसा. अरण्यकांडात खर-दूषण चौदा हजार राक्षस घेऊन येतात, तेव्हा राम लक्ष्मणाला सांगतो की सीतेला घेऊन डोंगरातल्या गुहेत जा. तिथे गुहा आहे. हरण होतं ते मात्र पर्णकुटीतून, दाराशी आलेल्या संन्याशाचं सीता आतिथ्य करत असताना. दोन वेगळे प्रसंग सांगता सांगता एकमेकांत मिसळले आणि मुलाला त्यांचा सांधा लागला. त्याच्या बोटाखाली जे आलं ते खरंच तिथे होतं, हे त्याला कळू द्या.

आणि रेघ? वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडातही ती ओढलेली दिसत नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते, तेव्हा त्या रेघेचा उल्लेख येतो. ती रेघ नंतरच्या सांगणाऱ्यांनी गोष्टीत घातली. का घातली असेल, हे मी मुलांनाच विचारते आणि त्यांना ते लगेच सुचतं: एवढा जपणारा दीर वहिनीला उघड्यावर टाकून जाईलच कसा? कुणीतरी हे कधीतरी नक्की विचारलं असणार. सांगणाऱ्याने रेघ ओढून ती फट बुजवली, आणि त्या रेघेने नवी फट पाडली, की मग रोज का नाही? हे समजलेल्या मुलाला गोष्ट कशी वाढते ते आतून दिसतं. शाळेत लेखनाच्या तासाला हे सहसा शिकवलं जात नाही.

काही प्रश्नांना एक उत्तर नसतं, तेही सांगायला हवं. जटायू इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला पडला असं आपण मानतो. आंध्रातल्या लेपाक्षीला तेच मानतात, केरळात जटायूपाऱ्यालाही. गोदावरीकाठची पर्णकुटी आपली पंचवटी, तशी भद्राचलमजवळची पर्णशालाही. मारुतीचा जन्म आपल्याकडे अंजनेरीचा, हंपीजवळ अंजनाद्रीचा, तिरुपतीला तिरुमलेचा. २०२२ च्या मे महिन्याअखेर नाशिकमध्ये यावर साधू-महंतांची सभा बसली होती. ती निर्णयाविना, वादावादीत संपली. मुलांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि मला विचारलं, ‘मग खरं कोणाचं?’ मी म्हटलं, जिथे जिथे लोकांनी ही गोष्ट जिवाभावाने ऐकली, तिथे तिथे त्यांना ती आपल्याच डोंगरावर घडलेली हवी होती. हे उत्तर त्यांना पुरलं असं मी म्हणणार नाही, पण ते नकाशा घेऊन बसले.

तुमची भीती मला ठाऊक आहे. असं खोदत बसलं तर श्रद्धा जाईल, गोडी जाईल. ही भीती मी हलकी मानत नाही, कारण ती प्रेमातूनच येते. पण फाळक्यांचा ‘लंकादहन’ बघा, १९१७ चा. त्यात अण्णा साळुंके राम झाले होते आणि सीताही तेच. पडद्यावर एकच चेहरा दोन्हीकडे, आणि तरी राम दिसला की लोक चपला काढून हात जोडत, असं सांगतात. त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. कळूनही त्यांचे हात जुळले. मुलाच्या मनातही शंका आणि श्रद्धा या दोन्हींना एकत्र राहायला भरपूर जागा असते. आणि जाणत्यांनी किती खोदलं ते बघा: पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वान बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लाडकी कथाही त्यांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. आपल्या घरातल्या गणपतीचं त्याने काही कमी झालं नाही.

इतिहासाच्या बाबतीत मात्र मी जास्त आग्रही आहे. तानाजीची घोरपड घ्या. ‘एवढ्याशा घोरपडीला माणसाचं वजन कसं पेलेल?’ हा प्रश्न चौथीतलं कुठलंही शहाणं मूल विचारतं आणि ते बरोबर विचारतं. यशवंती घोरपड पोवाड्यातली आहे. सभासदाच्या बखरीत कडा चढून जाणारे मावळे आहेत. मुलाला सांगा की रात्रीच्या अंधारात, हातापायांनी, ते कडा चढले. १६७० च्या फेब्रुवारीतली थंडी, उभा कातळ, खाली खोल दरी. घोरपड काढून घेतली की तानाजी आणि त्याचे मावळे लहान होत नाहीत, उलट मुलं अधिक सरसावून बसतात. इथे ‘विचारू नकोस’ म्हणणं म्हणजे त्या माणसांनी केलेल्या कष्टांचं श्रेय एका प्राण्याला देणं आहे.

कार्टून आणि परदेशी पुस्तकांनाही हेच लागू. डोरेमॉन बघणाऱ्या मुलाला विचारा, नोबिताचं लग्न जायकोऐवजी शिझुकाशी झालं तर त्याचा खापरपणतू सेवाशी जन्मेल कसा? ते तावातावाने बोलायला लागेल. १९७० साली सुरू झालेल्या त्या चित्रकथेच्या पहिल्याच गोष्टीत नोबिता स्वतःच ही शंका काढतो, आणि सेवाशी सांगतो की ओसाकाला कुठल्याही वाहनाने गेलं तरी पोचतो ओसाकालाच. उत्तर पटतं का, यावर आमच्याकडे मोठं भांडण झालं. पण लेखकाने मुलांना हुशार धरलं होतं, हे सगळ्यांना मान्य झालं. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात काळ मागे नेणारं यंत्र येतं. मग ते पुढे का वापरलं नाही, हे जगभरच्या मुलांनी विचारलं, आणि पाचव्या पुस्तकात त्या यंत्रांचं कपाटच फुटतं. चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत हॅरीचे आई-वडील छडीतून उलट्या क्रमाने बाहेर आले होते. वाचकांच्या ते ध्यानात आलं आणि पुढच्या छपाईत क्रम बदलला. छापलेल्या पुस्तकातही चूक असू शकते, ती सापडू शकते आणि दुरुस्त होऊ शकते, हे दहा वर्षांच्या मुलाला कळणं किती मोठं आहे! पाठ्यपुस्तकाकडे, बातमीकडे, मोबाइलवर फिरत आलेल्या निरोपाकडे ते पुढे कसं बघेल, याची सुरुवात इथे होते.

एक जपायचं. शंका काढण्याची चटक लागली की काही मुलं दुसऱ्याची आवडती गोष्ट मोडण्यासाठी ती वापरतात. धाकटी बहीण परीची गोष्ट ऐकत असते आणि दादा येऊन ‘पंखांनी एवढं वजन उचलतच नाही’ म्हणून तिला रडवतो. तिथे मी मुलाला थांबवते. तुझ्या गोष्टीतली फट तू शोध, तिच्या गोष्टीतली ती शोधेल, तिला वाटेल तेव्हा. आणि रात्री दहा वाजता, सकाळची शाळा असताना, प्रश्नांची सरबत्ती झाली तर थांबवण्यात काही गैर नाही. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. फक्त रविवारी तो कागद खरोखर काढा. मुलं असल्या वचनांचा हिशेब चोख ठेवतात.

आता एक वेगळाच प्रश्न. काळाराम मंदिरातून बाहेर पडताना एका मुलीने विचारला होता. शबरीची उष्टी बोरं रामाने खाल्ली, मग त्याच रामाच्या देवळात काही लोकांना का जाऊ देत नव्हते? तिने शाळेत २ मार्च १९३० चा सत्याग्रह नुकताच शिकला होता, डॉ. आंबेडकरांनी याच दाराशी सुरू केलेला, दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी काही वर्षं चालवलेला. उष्ट्या बोरांचा प्रसंगही वाल्मीकींकडे नाही, तो नंतरच्या भक्तांनी गोष्टीत आणला, हे मी तिला सांगू शकले असते. पण ते सांगणं म्हणजे पळवाट झाली असती. इथे गोष्टीत फट नव्हती. गोष्ट सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या आपल्या वागण्यात होती. मी तिला तसंच सांगितलं. आमचं चुकलं, फार चुकलं, आणि ते चुकलंय हे ज्यांनी दाराशी उभं राहून सांगितलं, त्यांनी लाठ्या-दगड खाल्ले. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या आईने नंतर मला फोन केला, थोडी नाराज होती. आम्ही पुष्कळ बोललो. मुलीला इतक्या लवकर हे कशाला, असं तिचं म्हणणं होतं. मुलीने विचारलं, म्हणजे तिची वेळ आली, असं माझं. यावर आमचं पूर्ण एकमत झालेलं नाही, पण मुलगी गोष्टींना येते.

मुली आणखी एका जागी हटकून थांबतात: ऊर्मिला चौदा वर्षं काय करत होती? मूळ रामायण तिच्याबद्दल जवळजवळ गप्प आहे. ही उणीव रवींद्रनाथांना टोचली, त्यांनी त्यावर निबंध लिहिला, आणि हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’ हे आख्खं काव्य तिच्याकडे बघत रचलं. आपल्याकडे इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ अशाच थांबण्यातून आलं आहे. आठवी-नववीतल्या मुलांच्या हाती ते जरूर द्या. लहानांना मी म्हणते, तुम्हीच लिहा. एकीने लिहिलं की ऊर्मिला रोज सासूबाईंना वाचून दाखवायची. दुसरीने लिहिलं की ती फार चिडलेली होती आणि लक्ष्मण आल्यावर पहिले आठ दिवस बोललीच नाही. दोन्ही वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

आणि शेवटी जे सांगण्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. असं विचारायला शिकलेलं मूल एक दिवस तुमच्या घराच्या गोष्टीपाशी थांबेल. आजोबा शेती सोडून नाशिकला आले, म्हणता. एवढी द्राक्षाची बाग होती तर सोडली का? आत्या इतकी हुशार होती तर शिक्षण अर्धवट का राहिलं? लग्नाच्या फोटोत धाकटे काका का नाहीत? प्रत्येक घराच्या कहाणीत आपणही कुठेतरी एक रेघ मारून ठेवलेली असते आणि मूल नेमकं तिथे बोट ठेवतं. त्या दिवशी ‘तुला काय करायचंय’ असं तोंडात येईल. जमलं तर ते गिळा. सगळं सांगायचं नसेल तर तेवढंच सांगा: इथे काहीतरी राहिलंय, ते तुझ्या बरोबर ध्यानात आलं, मला त्याबद्दल बोलायला अजून अवघड जातं, तू थोडा मोठा झालास की मी सांगेन. आणि मग सांगा. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर माझ्याकडे या, एकत्र बसून ठरवू.